पट्टीखोलीतलं बुटकं स्टूल

मित्रांनो, मी दवाखान्याच्या पट्टीखोलीतलं एक जुनं स्टूल आहे. सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून केलं, त्यामुळे माझ्या उंचीचं काही विचारू नका. माझ्यावर कुणी बसत नाही, फक्त दुखरा पाय टेकवतात. जखमा भरल्या की लोक पट्टीवाल्या काकांच्या हाताचं कौतुक करायचे. त्यातलं थोडं आपलंही आहे, असं मला उगाचच वाटायचं.

एकदा शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. घोट्याभोवती नखाएवढ्या जखमा आणि कातडीवर जांभळी जाळी. नुसती चादर घासली तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पायमशीन पुन्हा चालवता येईल ना, एवढीच त्यांना काळजी. काकांना वाटलं, शिरा फुगल्याचं नेहमीचंच दुखणं. अशा पायाला घट्ट पट्टी हवी, हे त्यांना पाठच होतं. त्यांनी मन लावून बांधली आणि विचारलं, "फार आवळली नाही ना?"

"नाही हो, छान बसली," मावशी म्हणाल्या.

त्यांची टाच माझ्यावर थरथरत होती. मला कळत होतं, पण मी पडलं लाकूड.

जखमा वाढत गेल्या, तशी काकांनी पट्टी आणखी आवळली. डॉक्टरीणबाईंनीही काकांच्या भरवशावर तेच चालू ठेवलं. असे कितीतरी महिने गेले. शेवटी मावशींची धाकटी बहीण सोबत आली आणि तिने सांगून टाकलं, "पट्टीने फार दुखतं म्हणून ताई घरी गेल्या गेल्या ती सोडते. इथं यायच्या आधी पुन्हा गुंडाळते. काका इतक्या मायेने बांधतात, त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलत नाही."

काकांचा चेहरा पडला. आवळून दुखणं वाढतंय म्हणजे हे शिरांचं नसावं, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. आजार दुर्मीळ निघाला. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्याच गुठळ्यांनी बंद होत होत्या. रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. आधी दुखणं हटलं, मग हळूहळू जखमा भरल्या आणि पांढरे वण राहिले. पण दुखण्यापायी इतके महिने आखडून धरलेला घोटा काही केल्या वळेना. मावशींनी पायमशीन बहिणीला देऊन टाकलं.

मला अजून फार हळहळ वाटते. मित्रांनो, दुखत असेल तर भीड धरू नका, बांधणारा कितीही मायाळू असो. काका रागावले नसते. माझी त्यांची इतक्या वर्षांची ओळख आहे. त्यांनी पट्टी सोडली असती आणि डॉक्टरीणबाईंना हाक मारली असती, इतकंच.