सोमवारचा लेप

केजजवळच्या युसूफ वडगाव या गावात शिवम्माच्या किराणा दुकानात शांपूच्या पुड्या दोरीला लोंबायला लागल्या, त्यांच्या मागोमाग गोरं करणारं मलमही आलं आणि धो धो खपलं. पण त्या मलमानं गावातली एकही पोरगी गोरी झालेली तिनं पाहिली नव्हती. कातड्यावर चोळलेलं कातड्यावरच राहतं, हे तिचं पक्कं मत.

म्हणून नातू अमरनाथ औरंगाबादच्या औषधाच्या कॉलेजातून इन्सुलिनचा दुधाळ लेप घेऊन आला, तेव्हा ती हसली. तिला शुगर होती, आणि सुनेपुढं दंड उघडा करून रोज सुई टोचून घेणं जिवावर येई. तेल न् पाणी इतकं बारीक फेटलंय, की औषध कातड्यातून रक्तात उतरतं, असं तो सांगत होता. बोटभरच चोळायचं आणि लगेच जेवायचं, हे त्यानं बजावलं.

"ताकात हात बुडवून कुणाचं पोट भरलंय का रे?" ती म्हणाली. पण सुई टळत होती, म्हणून बाटली ठेवून घेतली.

सोमवारी तिचा कडक उपास. उपाशीपोटी साखर फार उतरंल, म्हणून त्या दिवशी सुई घ्यायची न्हाई, असं डॉक्टरनंच सांगितलेलं. पण ही कुठं सुई होती? तोंडानंही घ्यायचं नव्हतं, मग उपास मोडतो कसा? अंघोळ करून विभूती लावली, आणि नातवाला खोटं पाडायचंच म्हणून दंडांना, पोटऱ्यांना अर्धी बाटली चोळली.

गिऱ्हाइकाची डाळ जोखता जोखता हात कापायला लागले. एका तराजूचे दोन दिसले. घामानं लुगडं भिजलं, आणि पुढचं तिला कळलं न्हाई.

शुद्ध आली तेव्हा तोंड गोड होतं. सून रुद्राणी चमच्यानं साखरेचं पाणी पाजत होती. केजच्या दवाखान्यात न्यायला जीप सांगितली होती. बाटली हातात धरून उभ्या असलेल्या अमरनाथचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"उंदरांवरच करून पाहिलं होतं, आज्जी. माणसात इतकं उतरंल, असं मलाच वाटलं न्हाई."

एरवी त्या उंदरांवरून तिनं त्याला सोलून काढला असता. आज ती नुसती आपल्या दंडाकडं बघत राहिली. जन्मभर ज्याला बंद कवाड समजली, ते सताड उघडं होतं.

तेवढ्यात धाकटी नात शिवांजली रांगत आली आणि त्याच दंडाला गाल लावायला झुकली. शिवम्मा झटक्यानं भिंतीकडं सरकली.

"उचल तिला, रुद्राणी. मला शिवू देऊ नको. आधी साबण आण."

रुद्राणीनं दंड धुतले, पोटऱ्या धुतल्या. सुनेपुढं शिवम्मानं मुकाट अंग उघडं केलं.

"आत्याबाई, निघालं सगळं," रुद्राणी म्हणाली.

"वरचं निघालं गं," शिवम्मा म्हणाली. "आत गेलेलं कसं धुशील?"