मालनचं लग्न होईपर्यंत

"असं ओढायचं नाही, बाईसाहेब," भवानीबाईने उमाबाईंचा हात धरला. "आधी कोमट पाणी सोडा. पट्टी आपोआप सुटते. जल्दी केली की त्यांना दुखतं."

उमाबाईंच्या नणंद, अक्का, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. डाव्या स्तनाची जखम आता काखेपर्यंत गेली होती. धारच्या दवाखान्यातली भवानीबाई आठ दिवस रोज येऊन जखम धुवायचं शिकवत होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "रोग आता हटणार नाही. जखम स्वच्छ ठेवा, दुखलं की अफूची गोळी द्या, माणूस एकटं ठेवू नका." आणि निघताना म्हणाले होते, "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं, तर गाठ कापून काढता आली असती."

ते वाक्य उमाबाईंच्या मानेवर बसलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अक्कांनी त्यांना न्हाणीघरात बोलावून गाठ दाखवली होती. सुपारीएवढी. "चिंतामणला सांगू का गं?" त्यांनी विचारलं होतं. उमाबाईंच्या लेकीची, मालनची सोयरीक तेव्हा नुकतीच देवासच्या घरात ठरली होती. घरात असला रोग आहे म्हणून बोभाटा झाला असता, तर सोयरीक मोडली असती; शिवाय पन्नास पानांचा स्वयंपाक अक्कांवाचून उठणार नव्हता. "मालनचं लग्न होऊन जाऊ दे, वन्सं," उमाबाई म्हणाल्या होत्या. लग्न झालं. मग दिवाळसण, मग मालनचं पहिलं बाळंतपण. अक्कांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि उमाबाईंनीही विचारलं नाही.

भवानीबाई गेल्यावर उमाबाई अंथरुणाशी बसल्या.

"वन्सं, तेव्हाच सांगायला हवं होतं मी. माझ्यामुळे झालं हे."

अक्कांनी भिंतीकडून मान वळवली.

"हो," मग त्या म्हणाल्या. "मीही वाट पाहिली. तू म्हणशील, चला आता." त्यांनी डोळे मिटले. "जरा उशी वर घे."

संध्याकाळी चिंतामणराव कचेरीतून आले ते थेट बहिणीपाशी बसले. डॉक्टरांचं बोलणं त्यांनाही डाचत होतं.

"अक्का, हे सुरू झालं तेव्हा घरात कुणालाच कसं कळलं नाही?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुला तरी काही बोलली होती का?"

उमाबाई हातातल्या पट्टीची घडी घालू लागल्या.

"तिला काय विचारतोस?" अक्का म्हणाल्या. "मीच लपवलं. कुणाला ठाऊक नव्हतं."

अक्का आणखी दोन महिने जगल्या. उमाबाईंनी दोन्ही वेळा जखम धुतली, धोतराच्या पट्ट्या उकळल्या, घास कुस्करून भरवले. खोलीत वासाने कुणी टिकत नसे. त्या तिथेच निजत. अक्का कधी त्यांचा हात धरत, कधी नुसत्या तोंड फिरवत. त्या संध्याकाळबद्दल दोघी पुन्हा काही बोलल्या नाहीत.

तेराव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, "पोटच्या लेकीने केलं नसतं इतकं." उमाबाई वाढायचं निमित्त करून आत गेल्या.

पंधरा दिवसांनी भवानीबाई दारात आली.

"डही गावाहून एक बाई आणलीय. तोंडातला रोग. घरचे टाकून गेले. मला एकटीला होत नाही, आणि तुमचा हात आता बसलाय."

ब्राह्मणाच्या बाईने परक्या जातीच्या जखमा धुवायच्या म्हणजे आळीत काय बोललं जाईल, हे उमाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चिंतामणरावांनी पगडी हातात घेऊन बराच विचार केला.

"जा," ते म्हणाले. "अक्काची एवढी सेवा केलीस. तेवढंच आणखी पुण्य पदरी पडेल."

उमाबाई उंबऱ्यातच थबकल्या. खरं काय ते सांगावं, असं ओठांपर्यंत आलं. चिंतामणराव मायेने पाहत होते. उमाबाईंनी मान खाली घातली, पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला आणि भवानीबाईच्या मागोमाग उन्हात चालू लागल्या.