उत्तमरावाच्या गुत्त्यातलं मढं

खुशाल वाकून आत शिरला. वाकावंच लागे, कारण दाराच्या चौकटीवर उत्तमरावानं एक रिकामी तिरडी आडवी बांधून ठेवली होती आणि तिच्याखालून गेल्याशिवाय त्याच्या गुत्त्यात कोणाला पाऊल टाकता येत नसे. पुढचे तिघे गडी एकमेकांना ढकलत, खिदळत गेले. खुशाल नुसता गेला.

बाहेर अमरावतीच्या परकोटावर दुपारचं ऊन रणरणत होतं आणि आत मात्र मिट्ट काळोख. मुळात ती कापूस भरायची वखार. खिडक्या चिखलानं लिंपलेल्या, भिंतींना काजळी फासलेली, खुंट्यांना बैलांच्या कवट्या. वाळक्या भोपळ्यांना डोळे कोरून आत पणत्या ठेवल्या होत्या. बसायला बाजा नव्हत्या, तिरड्या होत्या, आणि त्यांच्यावर बसून चांगली धडधाकट माणसं मटणाचा रस्सा ओरपत होती, मोहाची दारू पीत होती.

चार वर्षांपूर्वी असले थेर कोणी केले असते तर लोकांनी त्याला जोड्यानं मारलं असतं. पण साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि ज्यानं जन्मात जत्रेपलीकडे काही पाहिलं नव्हतं त्याच्याही बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. पैसा आला की माणसाला रोज काहीतरी नवं लागतं. खाऊन झालं, पिऊन झालं, नाच बघून झाले. मग भिण्याचीसुद्धा हौस सुटली. उत्तमराव पूर्वी दंडारीच्या खेळात राक्षसाचं सोंग घ्यायचा. त्यानं ही हौस बरोबर हेरली. म्हाताऱ्या बाया त्या बाजूनं जाताना थुंकत, 'मसणात जा मेल्यांनो' म्हणत, आणि त्यांचेच नातू हसत हसत आत जात.

खुशाल हौसेनं आला नव्हता. त्याचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडे, गाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर. आठ दिवसांपूर्वी गावच्या वामनरावानं अमरावतीहून येऊन पारावर बातमी सोडली होती.

"उत्तमरावाच्या गुत्त्यात एक मढं उठून बसते, बापा! अन् थोबाड कसं? थेट आपल्या शेषरावाचं. नाक बी तेच!"

सगळे हसले. वामनरावाचं बोलणं कोण मनावर घेतो? खुशालही हसला, कारण हसला नसता तर लोकांनी बघितलं असतं.

शेषराव हा खुशालचा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी कापसाच्या गाड्या घेऊन तो अमरावतीला गेला आणि बाजारातच त्याला पटकीनं गाठलं. माणसं मुंग्यांसारखी मरत होती. बरोबरचे गडी जीव घेऊन पळाले, गावात आले ते त्याचं पागोटं घेऊन. तेच पागोटं चितेवर ठेवलं. दहावा झाला, तेरवी झाली. मागं बायको सुभद्रा आणि अंगावर पिणारी गोदी. चार महिन्यांनी पंच बसले आणि सुभद्राचा दिराशी, म्हणजे खुशालशी, पाट लावून दिला. त्यांच्यात होतंच तसं. वावर घरात राहतं, लेकरू घरात राहतं, कोणी नाव ठेवत नाही.

म्हणजे आता गुत्त्यातलं मढं परकं निघालं तर सगळं जिथल्या तिथं होतं. आणि ते शेषराव निघालं, तर बायको खुशालची नव्हती, गोदी तर नव्हतीच.

पारावरचं बोलणं सुभद्रापर्यंत पोचलं होतं.  गाडी जुंपल्यावर दशम्यांचं फडकं खुशालच्या हातात देताना ती म्हणाली,

"पाहून या."

"काय?"

"वामनराव म्हणतेत ते."

हलगी कडाडली. गुत्त्यात कोणीतरी एकेक पणती फुंकत गेलं. मधल्या तिरडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं मढं होतं, त्याच्या उशाशी एकच दिवा उरला. हलगी एकदम थांबली. मढं हळूहळू उठून बसलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणालं,

"पाणी... पाणी द्या रे कोनी."

गुत्त्यात एकच बोंब उठली. कोणाचा रस्सा सांडला, कोणी शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन पडला, मग हशा. खुशालला तोंड बघायची गरज पडली नाही. लहानपणी आजारात हाच आवाज शेजारच्या गोधडीतून असाच पाणी मागायचा.

मढं उठून माणसांतून फिरू लागलं. गार पाण्यात भिजवलेला हात ते एकेकाच्या मानेवर ठेवी आणि माणूस किंचाळे. खुशालच्या मानेवर हात आला. आला आणि थांबला.

आता आपली छाती फुटेल असं खुशालला वाटलं होतं. काहीच झालं नाही. दोन वर्षं त्याला काहीच होत नव्हतं. तांबडा बैल मेला तेव्हा नाही, घर कापसानं भरलं तेव्हा नाही. मन लाकूड झालं होतं, आणि ते तसं झालंय हे कळण्यापुरतीच जाण उरली होती. हात उचलला गेला. पलीकडचा गडी मोठ्यानं ओरडला.

खेळ संपल्यावर खुशाल वखारीच्या मागच्या अंगाला गेला. रांजणाशी उभा राहून शेषराव तोंडावरची राख धूत होता. उन्हात तो साधा माणूस दिसत होता, पहिल्यापेक्षा वाळलेला. डाव्या भुवईवर बोटभर वण होता.

"वामन्यानं सांगतलं वाटते," तो न वळता म्हणाला.

"हो."

"मले दिसला होता तो. म्हटलं, आता हे गावभर होते. त्याच्या पोटात काई रायते का!"

मग त्यानंच सांगितलं. मेलेल्यांच्या रांगेतून त्याला पार्बताबाई नावाच्या एका माळणीनं ओढून काढलं. तिच्या वांग्यांच्या मळ्यात तो पडून होता. नीट उभं राहायला सात-आठ महिने गेले. मग तो चालत गावाकडे आला.

"सांजची येळ होती. गोदीची माय इहिरीवर होती. मले पाहून वरडली. मंग तुमी सारे धावले, 'भूत, भूत' करत. धोंडे आले." शेषरावानं भुवईवरून बोट फिरवलं. "चूक कोनाचीच नाई म्हना. तेरवी केलेला मानूस सांजच्याले इहिरीवर दिसला, तर म्या बी धोंडाच मारला असता."

दारी आलेल्याला घोंगडी अंथरून द्यावी तसं त्यानं हे खुशालपुढं ठेवलं. खुशालनं 'हो ना' म्हणायचं, डोळे पुसायचे, की झालं. पाहिजे तर गळ्यातही पडता आलं असतं.

"धोंडा माहा होता, भाऊ."

"ठाव हाय. असा नेम गावात दुसऱ्या कोनाचा हाय?"

"दुसऱ्या दिशी सकाळी मी एकटाच गेलतो तिथं," खुशाल म्हणाला. "इहिरीजवळच्या बाभळीखाली रगत पडलं होतं. भुताले रगत नसते."

शेषरावाचा हात रांजणातच राहिला.

"अन् मंग?"

"पायानं माती लोटली त्याच्यावर."

 पलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग परकोटाच्या दरवाजाकडे सरकत होती, गाडीवान एकमेकांना आयमायवरून शिव्या घालत होते.

"हे सारं सोडवलं नाई मले," खुशाल म्हणाला. "गोदी मांडीवर झोपे तवा. गोदीची माय घरात चाले-फिरे. नाई सोडवलं, भाऊ."

शेषरावानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मग आणखी एकदा मारलं.

"बोलते का आता गोदी?"

"लय बोलते. ऐकाले मानूस पुरत नाई."

"तुले काय म्हनते?"

खुशालनं खाली पाहिलं. "बा."

शेषराव मान हलवत राहिला. रागावला असता, अंगावर धावून आला असता, तर बरं झालं असतं.

"गाडी हाय माही," खुशाल म्हणाला. "चाल घरी."

"घरी येऊन काय होऊ? तुहा भाऊ, का तुह्या बायकोचा नवरा? पंच पुना बसतीन. तिले इच्यारतीन, बाई, तुले कोन पाह्यजे? भर पारावर! अन् त्या पोरीनं बा कोनाले म्हनाव?" तो किंचित हसला. "राहू दे. येथं दोन येळ पोटाले भेटते. अन् लोक भेते बी. जित्तेपनी कोन भेत होतं रे मले? तू तरी भेत होता का?"

आतून उत्तमरावाची हाक आली.

"शेषा! मानसं बसली बे!"

शेषरावानं राखेची मूठ तोंडाला चोळली आणि वाळत घातलेलं पांढरं कापड अंगाभोवती घेतलं.

"मांगून गाठ मार. माहा हात नाई पोचत."

खुशालनं गाठ मारली.

"एवढी घट्ट नोको. उठतानी सुटली पाह्यजे."

खुशालनं ती सोडली आणि पुन्हा सैल बांधली. या खेपेला त्याच्या बोटांना वेळ लागला. शेषराव पाठमोरा उभा राहिला, मग वाकून अंधारात गेला. थोड्या वेळानं हलगी कडाडली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलता खुशाल घरी पोचला. गोदी "बा आला, बा आला" करत गाडीवर चढली आणि चांदीच्या शेंब्या धरून बैलांशी बोलत बसली. सुभद्रा चुलीपुढं होती. तिनं त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं, ताट मांडलं.  खुशालनंच शेवटी सांगून टाकलं. वाटेत दोन दिवस तो तेच घोकत आला होता.

"दुसराच होता कोनी. नाक तेवढं तसं होतं."

"बरं," सुभद्रा म्हणाली.

तिनं पिठाचा गोळा घेतला, परातीत थापू लागली. भाकर गोल झाली, मोठी झाली, तिनं ती अलगद उचलून तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

"भवईवरचं भरलं का?" तिनं विचारलं.

खुशाल तिच्याकडे बघत राहिला. ती तव्याकडे बघत होती. त्या सांजेला धोंडा लागला तेव्हा ती विहिरीवर, त्या माणसापासून चार हातांवर उभी होती, हे त्याच्या आज ध्यानात आलं.

"भरलं," तो म्हणाला. "वण रायला."

 दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या छातीत काहीतरी दुखत होतं, आणि चांगलंच दुखत होतं. सुभद्रानं भाकर उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, मग त्याच्या ताटात टाकली.

"गोदे," तिनं अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "बा जेवाले बसले. कांदा आन."