साहेबाचा सत्कार

"अवसेलाच बोलवा सायबाला, अवसेलाच!" सखुबाई बोंबलाची टोपली आपटत ओरडली.

"आजी, अवसेला उधाण असतं. वर्गात गुडघाभर पाणी शिरेल," कल्पिता बाई म्हणाल्या. कोळीवाड्याच्या शाळेत त्या एकट्याच बाई.

"म्हून तर! मेले ओहोटीला येतात नि कोरडी फरशी बघून चहा ढोसून जातात. एकदा भिजू दे की!"

सखुबाईचा जीव नातीत, जान्हवीत. पोरगी आत्ता कुठं अक्षराला अक्षर जोडून वाचायला लागली होती. पण दर उधाणाला खाडी वर्गात आणि पोरं घरात. वर्गाची फरशी उंच करून द्या, म्हणून कोळीवाडा बोंबलून थकला. साहेबलोकांनी काय केलं? भिंतीवर हसरा मासा रंगवून दिला. हवामान बदलाची जागृती म्हणे! डोंबल जागृती!

तर सत्काराचं निमंत्रण धाडलं. सत्काराला नाही म्हणणारा साहेब अजून जन्माला यायचाय. अवसेच्या दुपारी पालिकेचे चंद्रप्रकाश साहेब आले. शाल घेतली, नारळ घेतला आणि पर्यावरणावर बोलायला उभे राहिले, तोच पाणी उंबरा ओलांडून आत. पोरं सवयीनं बाकांवर चढली. साहेब नारळ छातीशी धरून टेबलावर!

"बघितलंत ना सायेब? आता तरी फरशी वर घ्या!"

"भयंकर आहे हो हे! लगेच हुकूम काढतो."

सखुबाईनं खुशीत घरोघर तळलेली मांदेली वाटली.

हुकूम खरंच आला. शाळा मुलांना धोक्याची, सबब बंद. पोरांनी हायवेपार दिंडोशीच्या शाळेत जावं. फरशीचं नावसुद्धा नाही!

"माज्याच हातानं वाट लावली गो पोरीची," सखुबाईनं कपाळ बडवलं. जान्हवीला एवढ्या लांब नेणार कोण? आई सुगंधा पहाटेच मासळी आणायला धक्क्यावर. पोरगी आजीबरोबर बाजारात बसून माशा हाकलू लागली.

पाऊस चालूच होता. एका सकाळी बाजाराला जाताना शाळेच्या दारावर नवाकोरा बोर्ड दिसला. सखुबाईला हुरूप आला.

"शाळा उघडली वाटतं! वाच गो."

जान्हवीनं बोट फिरवत वाचलं, "पुराच्या वेळी... नागरिकांनी... येथे आसरा घ्यावा."

"आनी खाली?"

"सायबाचं नाव हाय, आजी."

सखुबाई बोर्डाखाली पचकन थुंकली. मग टोपली डोक्यावर सारखी करत म्हणाली, "वाचता येतंय गो तुला अजून. चल, बाजारापरयंत दिसंल तो बोर्ड वाचायचा. एक पन सोडायचा नाय."