सांगलीच्या गॅलरीतले पाय

कॅरिबियन बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भालचंद्रराव आठल्यांचे पाय सांगलीला परत गेले. नाश्त्याला त्यांनी घरून आणलेल्या डब्यातला चिवडा खाल्ला होता, आणि त्या बेटावर ज्या गावचं जेवढं खावं त्या गावी माणूस तेवढा निघून जातो. शेजारच्या कोरगावकरांचा फोन आला.

"तुमचे पाय गॅलरीत उभे आहेत. ऊन लागतंय त्यांना. सावलीत सरकवू का?"

"सरकवा," भालचंद्रराव म्हणाले. परदेशात पोट बिघडायला नको म्हणून चकल्या, लाडू, मेतकूट असा सगळा सरंजाम त्यांनी वाहून आणला होता. तो काय फेकून द्यायचा?

त्यांच्या बायकोनं, मंदाताईंनी मात्र पहिल्याच संध्याकाळी टपरीवरची तळलेली मासळी हाणली होती, त्यामुळे त्या नखशिखांत बेटावर होत्या. लग्नापासून त्यांची एकच हौस होती, नवऱ्याचा हात धरून समुद्रात शिरायचं. आणि नवरा तर लाडवागणिक कमी होत चाललेला. त्यांना रडूच आलं.

जुन्या किल्ल्यावर गाइड अर्नेस्टीनबाई दगडावर निवांत टेकल्या आणि निखाऱ्यात भाजलेला नीरफणस फोडू लागल्या.

"हे झाड जहाजातून आणलं, गुलामांना स्वस्तात पोसायला," त्या म्हणाल्या. "त्यांनीही आधी तोंड फिरवलं होतं. खा."

"यात तेल कुठलं?" भालचंद्ररावांनी विचारलं आणि चकली मोडली. कंबर गेली. पायजम्याची नाडी आवळल्याचं कोरगावकरांनी फोनवर कळवलं.

मंदाताई उठल्या आणि एकट्याच किनाऱ्याकडे चालू लागल्या. मागं वळूनही पाहिलं नाही. भालचंद्ररावांनी उरलेली चकली डब्यात परत टाकली. त्यांनी डोळे मिटून नीरफणसाची फोड गिळली. कंबर आली, पाय आले नाहीत.

"अजून द्या."

"दुसरा भाजायला दुपार होईल," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. मग त्यांनी भालचंद्ररावांना काखोटीला मारलं आणि सावकाश चालत समुद्रात मंदाताईंशेजारी नेऊन ठेवलं. मंदाताईंनी हात धरला. लाटा सदऱ्याला लागल्या. फोन वाजला, तो मंदाताईंनीच घेतला.

"वहिनी, गॅलरीत पाणी भरलंय. आधी वाटलं पूर आला. पण हे खारट आहे हो."

"ह्यांचे पाय?"

"आहेत. गुडघाभर पाण्यात."

तेवढ्यात मोठी लाट आली. भालचंद्ररावांनी बायकोचा हात घट्ट धरला आणि उडी मारली. फोनमध्ये धप्पकन आवाज झाला, आणि खालच्या मजल्यावरचं कुणीतरी होडी मागवा म्हणून ओरडू लागलं.