पाच नंबरचा गडी

लासुर्ण्यात एक रीत होती. दिवाळी झाली की शेजारच्या वरकुटे गावाशी तीन दिवसांची मॅच व्हायची, दोन-दोन डावांची. मधेच कुणाच्या उसाला पाटाचं पाणी आलं तर तो गडी बॅट ठेवून दारं धरायला, सरीसरीला पाणी वळवायला जायचा आणि रान भिजवून आला की पुन्हा नाबाद उभा राहायचा. कुणी हरकत घेत नव्हतं. समोरच्यालाही उद्या पाणी यायचंच होतं. जोतीराम एकदा असाच चिखलाच्या पायांनी परत आला आणि दीड दिवस हलला नाही. एकाहत्तर धावा! वरकुट्याचे गोलंदाज रडकुंडीला आले होते.

शहाण्णवच्या वर्ल्डकपानं हे सगळं बुडवलं. घरोघर टीव्ही आले, पोरांना षटकारांची चटक लागली आणि सोमनाथ कॅप्टन झाल्यावर आठ-आठ षटकांची स्पर्धा निघाली. तीन दिवस कोण रिकामा हाय, म्हणे. अरे, आडसाली ऊस अठरा महिने राखता की, तिथं बरा दम निघतो! जोतीराम पारावर हेच बोलायचा आणि पोरं तोंडावर तात्या-तात्या करून माघारी त्याला टुकटुक्या म्हणायची. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून मे महिन्यात, फायनलच्या आदल्या दिवशी सोमनाथ दारात आला तेव्हा गडी हरखून गेला. टीममधली दोन पोरं वऱ्हाडाला गेली होती.

"तात्या, उद्या पाच नंबरला तुमी."

बेचाळिसाव्या वर्षी एकदा तरी ह्या पोरांना खेळून दाखवायचं होतं. पण फायनलच्याच दुपारी बारा ते तीन त्याच्या उसाला पाणी होतं, महिन्यानं आलेलं, आणि सारजाचा, त्याच्या बायकोचा, पाय प्लॅस्टरात. त्यानं शेजारच्या बिरदेवाशी अदलाबदल केली. बारा ते तीन बिरदेवानं घ्यायचं, तीन ते सहा जोतीरामनं. सहाला पाट बंद. मॅच एकला, आठ षटकांचा खेळ, तीनच्या आत उरकतोय.

एक वाजला, दोन वाजले. नारळ फोडायला बोलावलेले पाहुणेच आले नाहीत. तीनला बिरदेवाचा निरोप आला, पाणी तुझ्या रानात सोडलंय, ये. जोतीराम सोमनाथकडं गेला. पूर्वीसारखं जाऊन येतो, म्हणाला.

"आता तसलं न्हाय चालत, तात्या. गेलात तर दुसरा घेतो."

जोतीराम उन्हात उभा राहिला. मुळं वाळलेला ऊस त्याला दिसत होता. तरी तो गेला नाही. खाली बसला आणि पॅड बांधायला लागला.

पाहुणे चारला आले. हारतुरे, सत्कार, वर अर्धा तास भाषण. तीन दिवसांच्या खेळाला ज्यांना वेळ नव्हता, त्यांनी ते सगळं बसून ऐकलं आणि टाळ्यापण वाजवल्या. वरकुट्याची आठ षटकं झाली, लासुर्णं खेळायला उतरलं. पाचव्या षटकात तिसरा गडी पडला आणि जोतीराम बॅट घेऊन उठला. सोमनाथनं त्याचा दंड धरला.

"बसा, तात्या. आता टोलवायची येळ हाय."

दुसराच पोरगा गेला. त्याच्यामागून आणखी एक. शेवटच्या चेंडूवर लासुर्णं जिंकलं, हलगी कडाडली, गुलाल उधळला आणि फोटोत जोतीरामला कडेला उभं केलं.

तो रानात पोचला तेव्हा पाट बंद झाला होता. दारं धरायला माणूस नाही म्हटल्यावर पाणी एकाच सरीतून फुटून ओढ्याला गेलं होतं. बाकीचा ऊस कोरडाठाक. पुढचं पाणी आता महिन्यानं.

घरी सारजा दारातच बसली होती. हलगी तिनंही ऐकली होती.

"किती केल्या?"

"खेळायलाच न्हाय मिळालं."



"मग तिनाला उठून रानात का न्हाय गेला? कशापायी बसला एवढा येळ?"

जोतीरामनं तोंडावरचा गुलाल पुसला.

"बोलवतील म्हून."