वॉशरने दिलेला उजवा कौल

मित्रांनो, आधी कानांवर हात ठेवा, मग माझी ओळख करून घ्या. मी एक जुना, पेट्रोलवर चालणारा प्रेशर वॉशर आहे. पाणी जोरात फेकून घट्ट बसलेली घाण उखडायची, हे माझं काम. दोरी ओढली की मी असा काही ओरडतो की शेजारच्या वेल्डिंगवाल्याला खुणांनी बोलावं लागतं! साकीनाक्याला मधुकरचा गाळा आहे, तिथून तो आम्हाला भाड्याने देतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. तो विजेवर चालतो, हळू आवाजात बोलतो आणि सगळ्यांना आवडतो.

नवा होतो तेव्हा मी कारखान्यांची आवारं धुतली, ट्रकांचा चिखल उतरवला. लोक म्हणायचे, काय झकास मशीन आहे! पुढे मागणी धाकट्यालाच वाढली. त्यात मधुकर माझं गिऱ्हाईक आलं की उलटतपासणी घ्यायचा. जागा मोकळी आहे का? जवळ प्लग आहे का? मालाडचे एक साहेब तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी धुवायला मला नेत होते. मधुकर म्हणाला, तिथे याचा धूर कोंडेल, माणूस कधी कोसळला तेही कळणार नाही. गेला धाकटा. मुलुंडच्या ताईंच्या बाल्कनीलाही धाकटाच. मी कोपऱ्यात फुगून बसायचो.

मग आली खंडेनवमी. या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि त्यांना सुट्टी असते. मधुकरने मला पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. इतक्यात वनमालाआजी धापा टाकत गाळ्यात आल्या.

आजी घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहतात. त्यांचे यजमान धोंडूआजोबा श्रावणात तिथल्याच शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. खंडेनवमीच्याच संध्याकाळी ते इस्पितळातून सुटणार होते. शेजारी त्यांना खुर्चीत बसवून वर नेणार होते, पण शेवाळ तसंच होतं. खराट्याने निघालं नाही, ब्लीचिंग पावडरने निघालं नाही. खुर्ची उचलणारा एक जरी घसरला तर आजोबांसकट सगळे खाली. त्यामुळे शेजारी म्हणत होते, दिवाळीपर्यंत त्यांना मानखुर्दला लेकीकडे ठेवा. आजोबांनी मात्र दसऱ्याला घरीच जेवणार म्हणून हट्ट धरला होता.

आजींनी धाकट्याला मागितलं. मधुकरने विचारलं, पायऱ्यांवर प्लग आहे का? नव्हता. वरच्या घरातून ओल्या पायऱ्यांवर वायर सोडायची तर शॉक लागायचा. "आजी, जागा उघडी, घाण चिवट, वीज नाही. हे काम मोठ्याचंच," तो म्हणाला. माझी छाती फुगली. पण लगेच तो म्हणाला की आज मशीनला हात लावायचा नाही, हा त्याच्या वडिलांचा नियम. झाली का पंचाईत!

आजी हटल्या नाहीत. मधुकरही कोकणातलाच, हे त्यांना ठाऊक होतं. कोकणात अडलेला माणूस देवाला कौल लावतो. देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आजींनी हारातल्या दोन पाकळ्या भिजवून माझ्या टाकीवर चिकटवल्या.

"आज देव ह्योच मा? मग हेकाच इचारतंय," त्या म्हणाल्या. "उजवो कौल दिल्यान तर तू येवचा. डावो दिल्यान तर मी गपचूप घराक जातंय."

मित्रांनो, मला थरथरायचं होतं हो! पण दोरी ओढल्याशिवाय मी थरथरणार कसा? डावी पाकळी हळूहळू घसरू लागली. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात बाहेरून एक डंपर धडधडत गेला, सगळा गाळा हादरला आणि उजवी पाकळी टपकन खाली पडली. त्या डंपरवाल्याचे उपकार मी विसरणार नाही.

मधुकरने मला हात जोडले आणि तो म्हणाला, "चल रे बाबा, तुझी सुट्टी गेली."

चाळीतल्या घराघरांनी आपापल्या पिंपातलं पाणी मला दिलं. हार गळ्यात तसाच ठेवून मी गरजलो. हिरवा थर सटासट सुटत गेला आणि खाली मूळचा सिमेंटचा रंग दिसू लागला. शेवटी पत्र्याने झाकलेला बंद बोळ राहिला. मला तिथेही शिरायचं होतं, पण मधुकरने मला बंद केलं. "इथे डावा कौल," तो म्हणाला. बोळ तसा कोरडाच होता, बायकांनी तो ब्रशने घासून काढला. मला पहिल्यांदाच राग आला नाही. धूर माझा, पण श्वास त्यांचा होता.

संध्याकाळी खुर्ची वर आली. कुणाचाही पाय सरकला नाही. आजोबा पायऱ्यांकडे बघत म्हणाले, "अगो, ह्यां आमचां घर न्हय. वाट चुकलाव वाटता." सगळे हसले आणि आजी पदराने डोळे पुसू लागल्या.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. दसऱ्याच्या सकाळी आजोबांनी दारात बसून आपट्याचं पहिलं पान माझ्या टाकीवर ठेवलं. "सोनां घे," ते म्हणाले, "आणि सोन्यासारखो रव." एवढ्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, माझं तेल बघत जा, काम नसेल तर शिळं पेट्रोल काढून टाका. मोकळ्यावर, वीज नसेल तिथे, चिवट घाण असेल तर मला जरूर बोलवा, मी धावत येईन. पण बंद जागेत मी कितीही हौसेने निघालो, तरी माझ्या वतीने तुम्हीच डावा कौल द्या. तिथला कौल डंपरवर सोडू नका.